विषय: लडाख सहलीचा क्रम परस्पर उलटा केल्याबद्दल तक्रार व पूर्ण परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, देशांतर्गत सहली विभाग

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी झालेलं फोनवरचं बोलणं शेवटचं. यापुढे जे असेल ते लेखी.

दहा जणांची सहा रात्री-सात दिवसांची लडाख सहल आम्ही तुमच्याकडे नोंदवली. पैसे भरताना दिलेला कार्यक्रम असा होता: पहिल्या दोन रात्री लेहला, त्यातला पहिला दिवस पूर्ण विश्रांतीचा आणि दुसऱ्या दिवशी सिंधू-झंस्कारचा संगम आणि लिकीर, अल्ची ही गावं. मग खारदुंग ला ('ला' म्हणजे खिंड) ओलांडून नुब्रा खोऱ्यात दोन रात्री, मधल्या दिवशी तुर्तुक गाव. तिथून श्योक नदीच्या रस्त्याने पँगाँग सरोवराला एक रात्र, आणि चांग ला मार्गे लेहला परत. हा क्रम बघूनच पैसे भरले. निघायला तीन आठवडे उरले असताना व्हॉट्सॲपवर 'सुधारित कार्यक्रम' येऊन पडला. त्यात विमानातून उतरल्यावर त्याच दुपारी शांती स्तूप आणि राजवाडा, दुसऱ्या दिवशी सकाळी चांग ला वरून थेट पँगाँग आणि मुक्कामही तिथेच. नुब्रा त्यानंतर. लेहच्या दोन निवांत रात्री अगदी शेवटी, म्हणजे परीक्षा झाल्यावर अभ्यासाची सुट्टी.

लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. पँगाँगकाठचे तंबू ४,२५० मीटरच्या आसपास, आणि वाटेतला चांग ला ५,३०० मीटरच्याही वर. विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा डॉक्टरांचा साधा नियम आहे. तुम्ही समुद्रसपाटीवरून आलेल्या माणसांना दुसऱ्याच रात्री ७५० मीटर वर झोपवताय. मूळ कार्यक्रमात अल्चीचा रस्ता लेहपेक्षा खालच्या अंगाने जात होता. खारदुंग ला उंच खरा, पण तो ओलांडून मुक्काम नुब्रातल्या हुंदरला, ३,१०० मीटरच्या जवळपास. हुंदरहून पँगाँग हीसुद्धा मोठीच उडी आहे, नाही असं नाही. पण तोवर शरीराने चार रात्री ३,००० मीटरच्या वर काढलेल्या असतात. सहलीचा क्रम म्हणजे पत्त्यांचा डाव नव्हे, पिसून परत वाटायला.

हे सगळं फोनवर सांगितलं. तुमच्या प्रतिनिधीचं उत्तर शब्दशः देते: "मॅडम, जागा त्याच आहेत, रात्री तेवढ्याच आहेत, फक्त पुढे-मागे झालंय." मी विचारलं, लेहची उंची किती? "मॅडम, हाइट सगळीकडे सेमच असते तिकडे." पँगाँगला रात्री कोणाला त्रास झाला तर? "गाडीत ऑक्सिजन असतो ना मॅडम." किती? "एक कॅन." एक कॅन! दहा माणसांत! मग ते म्हणाले, "एवढी भीती वाटत असेल तर तुम्ही महाबळेश्वर बघा ना, आमचं छान पॅकेज आहे." आणि हे बोलून त्यांनी मला महाबळेश्वरचं दरपत्रक पाठवलंसुद्धा. तत्परतेबद्दल आभार. मूळ कार्यक्रमाची सही-शिक्क्याची प्रत मात्र वारंवार मागूनही अजून आलेली नाही.

त्या कॅनबद्दल व्यवस्थापनाला वेगळं सांगायला नको, तरी सांगते. हातात धरायच्या कॅनमध्ये साधारण दहा लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटरने तो पाच मिनिटांत संपतो. रुग्णालयात वापरतात त्या बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर मावतो, तो त्याच वेगाने बारा तास पुरेल. आणि ऑक्सिजन हा तात्पुरता आधार, खरा इलाज खाली उतरणं. आता नकाशा उघडा. पँगाँगहून लेहच्या रुग्णालयात जायचं तर आधी चांग ला चढावा लागतो, म्हणजे आजारी माणसाला आणखी हजारभर मीटर वर न्यायचं. श्योकच्या बाजूने उतार आहे, पण रात्री त्या रस्त्यावर गाडी घालायला तुमचा चालक तयार होईल का, हे त्याला विचारलंय का कोणी? दुसरी रात्र पँगाँगला ठेवू नये ती यासाठी. आमच्यात तीन ज्येष्ठ नागरिक आहेत, हे नोंदणी अर्जात वयासकट लिहिलेलं आहे.

"मग सगळ्यांनी डायमॉक्स घ्या," हाही सल्ला त्याच फोनवर मिळाला. ती उंचीच्या त्रासावरची, डॉक्टरांनी लिहून द्यायची गोळी आहे. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्याला ती विचारल्याशिवाय देत नाहीत. तुमचं कॉल सेंटर औषधं कधीपासून लिहून द्यायला लागलं?

बदलाचं कारण विचारल्यावर आधी 'ऑपरेशनल' म्हणालात. जरा खोदून विचारल्यावर कळलं की त्या तारखेचे पँगाँगचे तंबू दुसऱ्या मोठ्या ग्रुपला दिले. म्हणजे हवामान नाही, दरड नाही, लष्कराने रस्ता बंद केलेला नाही. तंबू विकले. आम्ही तारीख बदलली असती तर तुमच्या अटींप्रमाणे निम्मे पैसे गेले असते. तुम्ही अख्खा कार्यक्रम उलटा केला, तर "जागा त्याच, रात्री तेवढ्याच".

आमच्यातल्या ओसीआय कार्डधारक (म्हणजे भारतीय वंशाच्या, पण परदेशी नागरिक असलेल्या) नातेवाइकासाठी नुब्रा-पँगाँगचा संरक्षित क्षेत्राचा परवाना लागतो. "ओसीआय म्हणजे भारतीयच" असं सांगून तो अर्जही तुम्ही केलेला नाही. आणि तुमच्या माहितीपत्रकात खारदुंग ला अजून जगातला सर्वात उंच मोटार रस्ता आहे. सीमा सडक संघटनेने लडाखमधल्याच उमलिंग ला चा त्याहून उंच, १९,०२४ फुटांवरचा रस्ता २०२१ मध्येच केला. लडाख विकता, निदान लडाखची बातमी तरी वाचत जा.

मागणी दोनपैकी एक. मूळ क्रम, मूळ तारखा, गाडीत मास्क-रेग्युलेटरसह बी-टाइप सिलिंडर आणि वर सांगितलेला परवाना, हे सगळं सही-शिक्क्यानिशी लेखी द्या. नाहीतर विमानभाडं आणि पाच टक्के जीएसटी धरून पूर्ण रक्कम ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत करा. पुढच्या वर्षीचं क्रेडिट व्हाउचर नको, महाबळेश्वर तर नकोच.

सात दिवसांत यातलं काही झालं नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जाईल आणि पाठोपाठ जिल्हा ग्राहक आयोगात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ती आमच्या राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, त्यामुळे आम्ही कंटाळू या भरवशावर राहू नका. वर दिलेल्या फोनचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, "प्रशिक्षणासाठी" ठेवता ना? ते जपून ठेवा, आयोगापुढे मागवणार आहोत.

उत्तर ईमेलवरच द्यावं.

आपली,
दहा जणांच्या वतीने नोंदणी करणारी ग्राहक

सोबत: मूळ कार्यक्रमपत्रिका, सुधारित कार्यक्रमाचा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची पावती, महाबळेश्वरचं दरपत्रक (परत)