फॉलिकची गोळी उशिरा सुरू होते

महोदय,
पाळी चुकली, चाचणीत दोन रेघा आल्या, मग दवाखाना आणि मग फॉलिक ॲसिडची गोळी. हा क्रमच उलटा आहे. गर्भाच्या मेंदू-मणक्याची नळी फलनानंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. ती नीट मिटायला फॉलिक ॲसिड लागते. नळी मिटली नाही तर मणक्यात फट राहते आणि नंतरच्या गोळीने ती बुजत नाही. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याआधी किमान महिनाभर, पुढे १२ आठवड्यांपर्यंत. दुकानात बहुधा ५ मिलिग्रॅमचीच, म्हणजे बारापटीहून जास्त मात्रेची गोळी हातात पडते, पाकीट वाचून घ्यावे. आधीच्या बाळात हा दोष असेल तर मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. नुसत्या पालकाच्या भाजीवर भिस्त नको. भाजी उकळून पाणी ओतले की बरेचसे फोलेट (फॉलिकचे भाजीतले नैसर्गिक रूप) मोरीत जाते.

– एक परिचारिका, सातारा