काका, तुमचा नकाशा परत करताना

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. चारचौघांत कुणी आपलं नाव घेतलेलं तुम्हाला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. पत्र मात्र मुद्दाम उघड लिहितेय. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातून मोटारसायकलवर एकटी फिरून परत आल्यापासून ज्याला त्याला एकच विचारायचं असतं : "एकटी बाई, मोटारसायकल आणि मेक्सिको? भीती नाही वाटली?" वाटली होती. खूप वाटली होती. तिचं पुढे काय झालं हे सांगायचं तर तुमच्या जेवणाच्या टेबलापासूनच सुरुवात करावी लागते.

२०२४ च्या दिवाळीत फराळाला आपण भेटलो, तेव्हा माझा बेत ऐकून चार जणांनी मला वेड्यात काढलं होतं. बेत असा होता : सॅन डिएगोहून निघायचं, बाहाचा लांबलचक द्वीपकल्प उतरून ला पाझ गाठायचं, तिथून फेरीबोटीत गाडी चढवून मासात्लान, मग डोंगरातून दुरांगो आणि तिकडून उत्तरेला वळून घरी. एकाने मला फोनवर गोळीबाराचा व्हिडिओ दाखवला. एकीने हळूच विचारलं, "लेकीचा विचार केलास का?" नऊ वर्षांची आहे माझी लेक. तो प्रश्न मला जिव्हारी लागला, कारण तो मी रोज रात्री स्वतःलाच विचारत होते. आई तर कराडहून फोन करून रडली होती.

तुम्ही चकलीचा तुकडा मोडत एवढंच म्हणालात, "रविवारी ये. नकाशा घेऊन बसू."

त्या रविवारी तुम्ही नकाशा उघडायच्या आधी माझ्यापुढे कोरा कागद ठेवलात. कशाकशाची भीती वाटते ते लिहून काढ म्हणालात. मी लिहिलं : कार्टेल म्हणजे अमली पदार्थांच्या टोळ्या, अपहरण, बलात्कार, लूट, पैसे उकळणारे पोलीस, अपघात, गाडी बंद पडणं. तुम्ही यादी वाचलीत आणि पेन्सिलीने 'अपघात' या शब्दाभोवती गोल करून बाण थेट वर, पहिल्या ओळीपर्यंत नेलात. "हे पहिलं. याची भीती तुला पुरेशी वाटत नाहीये."

मग तासभर तुम्ही रस्त्याबद्दलच बोललात. बाहातला एक नंबरचा महामार्ग वाळवंटातल्या कातावीन्या या वस्तीच्या पुढे-मागे इतका अरुंद आहे की समोरून ट्रक आला की दोघांच्या मधून वारा कसा ढकलतो. डांबराच्या कडेला साइडपट्टी नाही, थेट खाली उतार. कुंपण नसलेली गुरं संध्याकाळी उबेला डांबरावर येऊन बसतात. 'व्हादो' म्हणजे रस्ता ओढ्यातून खाली उतरून वर चढतो ती जागा, आणि तिच्या तळाशी वाळू साचलेली असते. 'तोपे' म्हणजे स्पीडब्रेकर, आणि कित्येकदा त्याला ना पाटी ना रंग. पुढचा ट्रकवाला डावा इंडिकेटर देतो तेव्हा त्याचा अर्थ 'पुढे जा' असू शकतो किंवा 'मी डावीकडे वळतोय' असाही असू शकतो, म्हणून स्वतःच्या डोळ्यांनी रस्ता मोकळा दिसल्याशिवाय निघायचं नाही. आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित : चार वाजले की मुक्काम शोधायचा. फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो.

मग नकाशा. त्याच्या घड्या झिजलेल्या, आणि त्यावर जागोजागी तुमच्या बारीक मराठी अक्षरातल्या नोंदी. 'इथे गाई.' 'तोपे ३, पाटी नाही.' 'पंक्चरवाला भला माणूस.' 'वाळू! हळू.' परक्या देशाच्या नकाशावर ते अक्षर बघितलं आणि पोटातला गोळा पहिल्यांदा जरा सैल झाला. इथून आपल्यातलं कुणीतरी जाऊन आलंय, एवढंच.

अमेरिकी परराष्ट्र खातं मेक्सिकोसाठी राज्यवार इशारे देतं, ते तुम्ही मला मोठ्याने वाचायला लावलेत आणि लाल पेन्सिल हातात दिलीत. त्या वेळी सहा राज्यं 'जाऊ नका' या चौथ्या पातळीवर होती : कोलिमा, गेरेरो, मिचोआकान, सिनालोआ, तामाउलिपास, साकातेकास. बाहा कॅलिफोर्निया तिसऱ्या पातळीवर, दक्षिणेकडचं बाहा कॅलिफोर्निया सुर दुसऱ्या आणि तिकडचं युकातान पहिल्याच पातळीवर. आपल्या महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा देश. तुम्ही विचारलंत, "गडचिरोलीत चकमक झाली म्हणून दापोलीला जायचं कुणी थांबवतं का?" मी हसले. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "पण कुणी रात्री एकट्याने गडचिरोलीच्या जंगलातून जातो म्हणालं, तर त्याला थांबवलं पाहिजे ना?" आणि तुमचं बोट मासात्लानवर जाऊन थांबलं.

सप्टेंबर २०२४ पासून सिनालोआ कार्टेलचे दोन गट आपसात लढत होते. मासात्लान त्याच राज्यात. तिथून दुरांगोला डोंगर ओलांडणारा जुना रस्ता, 'एस्पिनासो देल दियाब्लो', म्हणजे सैतानाचा कणा, हे माझ्या बेताचं शिखर होतं. तुमचंही होतं, हे मला नकाशावरच समजलं. २०१३ साली पुलाबोगद्यांचा नवा टोलरस्ता झाला, त्याआधी ट्रकांच्या रांगेतून तुम्ही तो जुना घाट केला होतात. नकाशावर त्या वळणांच्या शेजारी तुम्ही लिहिलं होतंत, 'पुन्हा यायचं.' त्याच ओळीखाली, माझ्या डोळ्यांदेखत, तुम्ही पेन्सिलीने लिहिलंत, 'आत्ता नाही.'

काका, त्या दोन शब्दांसाठी मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. जो रस्ता तुम्हाला सगळ्यांत आवडला, तोच तुम्ही माझ्या बेतातून काढलात. कुणी नुसतं "काही होत नाही गं" म्हणालं असतं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. तुम्ही एका ठिकाणी ठाम 'नाही' म्हणालात, म्हणून दुसऱ्या ठिकाणचा तुमचा 'हो' मला खरा वाटला.

त्या तीन सर्फरांचा विषयही मीच काढला. २०२४ च्या वसंतात एन्सेनादाच्या दक्षिणेला किनाऱ्यावर तंबू टाकून राहिलेले दोन ऑस्ट्रेलियन भाऊ आणि त्यांचा अमेरिकन मित्र मारले गेले होते. माझा रस्ता त्याच भागातून, सांतो तोमासच्या खोऱ्यातून जात होता. तुम्ही बराच वेळ गप्प होता. मग म्हणालात, "त्यांची चूक झाली असं कधी म्हणू नकोस. ती मुलं सुट्टीवर होती. पण आपण त्यातून एवढं घ्यायचं की निर्जन किनाऱ्यावर एकटीने रात्र काढायची नाही. गावात, भिंतीच्या आत, गाडीही आत." तंबू मी त्याच दिवशी यादीतून काढला.

आणि आणखी एक. बलात्कार या शब्दावर तुम्ही पेन्सिल टेकवलीत आणि सरळ कबूल केलंत, "याबद्दल मी तुला काही शिकवू शकत नाही. मी पुरुष आहे, मला ती भीती घेऊन गाडी चालवावी लागली नाही." मग बाहा दोनदा केलेल्या तुमच्या ओळखीच्या एका बाईंना तुम्ही फोन लावून दिलात. तासभर आम्ही बोललो. उद्या कुठे मुक्काम आहे हे कुणाला सांगायचं नाही, खोली आतल्या चौकाकडे तोंड असलेली मागायची, गावात शिरल्यावर आधी बायकामाणसं जेवताहेत अशी खानावळ शोधायची. हे मला तुमच्याकडून मिळालं नसतं, आणि ते कुणाकडून मिळेल हे मात्र तुम्हालाच माहीत होतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी तेकातेहून आत शिरले. तुम्ही सांगितलंत तसं, तिथे कुणी थांबवत नाही. इमिग्रेशनची खिडकी आपणच शोधायची. ग्रीन कार्ड असल्यामुळे भारतीय पासपोर्टवर वेगळा व्हिसा लागला नाही. बाहापुरता गाडीचा तात्पुरता आयात परवानाही नको. मेक्सिकोचा विमा तेवढा घेतला होता, कारण अमेरिकेतला तिथे चालत नाही.

लष्कराच्या पहिल्या नाक्यावर माझे हात कापत होते. इंजिन बंद, हेल्मेट काढलं, गॉगल काढला, आणि त्याने विचारायच्या आधी मीच म्हणाले, "बुएनास तार्देस." समोर विशीतला पोरगा, खांद्याला रायफल. कुठून आलीस, कुठे चाललीस. मी 'इंडिया' म्हणताच त्याने मागच्या दोघांना हाक मारली आणि तिघे माझ्या हिमालयन मोटारसायकलच्या टाकीवरचं 'रॉयल एनफिल्ड' वाचायला लागले. पॅनियर, म्हणजे गाडीच्या दोन्ही बाजूंचे सामानाचे खोके, उघडून दाखवले. त्याने सगळं जसंच्या तसं परत ठेवलं आणि दुरून हात केला. पुढच्या नाक्यांवर हात कापले नाहीत.

एल रोसारियोला पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. कातावीन्या सव्वाशे किलोमीटरच्या आत. ऊन लख्ख होतं, गाडी सुरेख चालत होती, मन म्हणत होतं जा. तुमचं 'चार वाजले की' आठवलं आणि मी थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रस्त्यावर एक गाय मरून पडली होती, आणि शेजारी हेडलाइटच्या काचांचा सडा. मी गाडी कडेला घेऊन काही वेळ नुसती उभी राहिले. लेकीला आवाजी निरोप पाठवायचा होता, पण तिथे रेंज नव्हती.

आणि मग ते वाळवंट. काका, तुम्ही त्याचं वर्णन केलं नव्हतंत, त्याबद्दलही आभार. घरांएवढे गोलाकार खडक एकावर एक रचलेले, त्यांच्यामधून उगवलेले कार्दोन निवडुंग आणि 'सिरियो'. टोकाकडे निमुळती होत आकाशात गेलेली ती झाडं, उलट्या रोवलेल्या मुळ्यांसारखी. इंजिन बंद केल्यावर जी शांतता आली, तशी मी कधी ऐकली नव्हती. एल रोसारियोनंतर तीनशेहून जास्त किलोमीटर पंप नाही. पण तुमच्या नोंदीप्रमाणे कातावीन्याला रस्त्याच्या कडेला पेट्रोलची पिंपं घेऊन माणूस बसलेला होताच. माझी १५ लिटरची टाकी पुरली असती, तरी पाच लिटर घेतलं. तो तिथे बसतो हेच किती जणांसाठी मोठं आहे!

पडले ती परतीच्या वाटेवर, एका व्हादोत. वाळू दिसली, ब्रेक दाबायचा नाही हे माहीत होतं, तरी दाबला. गाडी आडवी, घोटा खाली. पहिली येणारी गाडी थांबली. म्हातारा, त्याची बायको, मागे बकऱ्या. मला स्पॅनिश जेमतेम, त्यांना इंग्रजी नाही. त्याने आणि मी गाडी उभी केली, बाईंनी बूट काढून घोटा दाबून पाहिला आणि रुमाल ओला करून गुंडाळला. क्लचचा लिव्हर मोडला होता. तुम्ही 'असू दे' म्हणून पिशवीत टाकलेला जादा लिव्हर तिथे बसवला. ०७८ हा 'आन्हेलेस व्हेर्देस'च्या हिरव्या गाड्यांचा, सरकारच्या मोफत मदतीचा नंबर मी पाठ केला होता, त्याची गरज पडली नाही. ते दोघं मला पुढच्या गावापर्यंत सोडायला मागून हळूहळू येत राहिले.

सान इग्नासियोला गाडी गावात ठेवून खाडीवर गेले. ग्रे व्हेल हिवाळ्यात आर्क्टिकच्या समुद्रातून तिथे येतात, पिल्लांना जन्म देतात. एकोणिसाव्या शतकात बाहाच्या खाड्यांमध्ये त्यांची कत्तल झाली; पिल्लासाठी आई होड्यांवर धावून जायची, म्हणून शिकारी त्यांना सैतान मासे म्हणत. स्थानिक कोळी पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यापासून दूर राहिले. १९७२ साली पाचिको मायोराल नावाच्या कोळ्याच्या होडीजवळ एक व्हेल आली आणि हलेना, तेव्हा त्याने हात पुढे करून तिला स्पर्श केला. आज त्याच खाडीत होड्या पर्यटकांना नेतात, पण इंजिन मंद ठेवून, ठरलेल्या संख्येत, ठरलेल्या हंगामात. माझ्या होडीशी आई आली आणि तिने पिल्लू पुढे केलं. मी हात लावला. ओल्या रबरासारखी गार, गुळगुळीत कातडी. मी तिथे खूप रडले, काका. लेकीला हे दाखवायला आणीन, हे तेव्हाच ठरवलं.

लोरेतोहून मी मागे फिरले. बारा दिवस, सुमारे २,४०० किलोमीटर. ला पाझची फेरीबोट राहिली, घाट राहिला. रोज संध्याकाळी सहाला तुम्हाला आणि घरी पोचल्याचा निरोप जायचा. एके दिवशी रेंज नसल्यामुळे सव्वासात झाले, तेव्हा तुम्ही माझ्या नवऱ्याला फोन करून तासभर त्याच्याशी क्रिकेटवर बोलत राहिलात, हे मला परवा कळलं. तुम्हाला क्रिकेटमध्ये रस नाही, हे त्याला माहीत आहे.

नकाशा शनिवारी आणून देते. मधल्या घडीवर फाटला होता, मागून कापडी पट्टी लावली आहे. तुमच्या नोंदींना हात लावलेला नाही, माझ्या निळ्या शाईत आहेत. एल रोसारियोच्या उत्तरेला तीन तोपेंचे आता पाच झालेत. पंक्चरवाल्याचं दुकान त्याचा मुलगा चालवतो. तोही भला माणूस आहे, तशी नोंद केली आहे. घाटाशेजारचं तुमचं 'आत्ता नाही' तसंच ठेवलंय, पेन्सिलीतलं.

काकूंना नमस्कार. लेकीने तुमच्यासाठी व्हेलचं चित्र काढलंय, तेही आणते.

तुमची,
कराडची पोर