भिंत रंगवायची घाई करू नकोस

कोल्हापूर, मे अखेर

चि. सोनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या भिंतीचा फोटो आईच्या मोबाईलवर मोठा करकरून बघितला. त्या ठेकेदारानं दिलेलं एस्टिमेटही वाचलं. रंग खरवडणे, केमिकल मारणे, पुट्टी, प्रायमर, दोन हात रंग. यादी लांबलचक आहे, पण पाणी येतंय कुठून याचा त्यात एका ओळीचाही पत्ता नाही. तेव्हा त्याला आगाऊ पैसे देऊ नकोस. फोनवर सांगायला लागलो की तू 'हो बाबा, हो बाबा' म्हणत लॅपटॉपवर टकटक चालूच ठेवतेस, म्हणून लिहून पाठवतोय. सावकाश वाच.

फोटोत फुगवटा फरशीपासून गुडघ्याएवढा वर आलाय, त्याच्या वर भिंत कोरडी. तुझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. जमिनीतली ओल चढत चढत तिथवर येत नसते, ते तळमजल्याचं दुखणं. वरच्या स्लॅबमधून गळत असतं तर आधी छताजवळचा कोपरा काळा पडला असता. मग राहिलं कोण? भिंतीपलीकडचं बाथरूम. फोटोत पांढरी पूड दिसते तो लोणा. पाणी विटेतले आणि सिमेंटमधले क्षार सोबत घेऊन बाहेर येतं, पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच बसतात. मागून पाणी चालू असताना पुढून कितीही भारी वॉटरप्रूफ रंग मारला तरी पाणी त्याला ढकलून फोड आणणारच.

हे आपल्या कुंभार गल्लीला सांगायची गरज नाही. २०१९ च्या पुरानंतर शेजारच्यांनी दिवाळीच्या आत घर चकाचक करायचं म्हणून गणपती झाल्या झाल्या रंगारी लावला. भिंती अजून आतून चिंब होत्या. पुढच्या उन्हाळ्यात सगळा रंग पापुद्र्यांनी खाली आला. आपण तेव्हा खालच्या तीन फुटांचं प्लास्टर फोडून भिंत उघडी ठेवली, पाहुणे आले तरी उघडीच, आई कुरकुरत होती तरी उघडीच. त्याच वेळी सगळे प्लग पॉइंट छातीच्या उंचीवर नेले. तुला ते दिसायला विचित्र वाटतात, वाटू देत. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा एकही वायर भिजली नाही.

आता तुझं काम. पहिल्यांदा फुगवट्याच्या कडेनं पेन्सिलची रेष मार आणि तिथंच तारीख लिही. मग हाताच्या पंजाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा त्या ओल्या जागेवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट चिकटव आणि एक दिवस तसाच राहू दे. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला, दव धरलं तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला धरलं तर खोलीतला दमटपणा आहे, खिडकी उघडायची आणि गप्प बसायचं. मला वाटतं आतूनच येतंय, पण बघितल्याशिवाय खरं धरायचं नाही.

त्यानंतर चारपाच दिवस त्या बाथरूममध्ये आंघोळ बंद. दुसरं आहे की तुझ्याकडं. नळाच्या पाइपात पाणी चोवीस तास दाबाखाली असतं. फरशीवरचं पाणी मात्र तू आंघोळ करशील तेव्हाच असतं. आंघोळ बंद करून रेषेच्या पुढं ओल सरकली नाही, उलट मागं आली, तर पाइप ठीक आहे आणि पाणी फरशीच्या सांध्यातून नाहीतर नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या, कडेनं जातंय. मग ते काम स्वस्तातलं: सांध्यातलं जुनं सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरायचं, ट्रॅपची जाळी काढून कड बुजवायची. आंघोळ बंद असूनही ओल पुढं पुढं चालली, तर भिंतीतला पाइप गळतोय. तुझी बिल्डिंग जुनी, तेव्हा आत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप असणार, आणि जीआय आतून गंजत येतो. खात्री करायला त्या बाथरूमच्या पाण्याचा व्हॉल्व्ह दोन दिवस बंद ठेव. मगच प्लंबरला बोलव आणि त्याला सांग, 'अमुक जागी फोड.' 'बघा काय ते' असं सांगितलंस की तो अख्खी भिंत उचकटून ठेवतो.

जिथं दिसतं तिथं दुखणं नसतं, हे मला सध्या आपली जुनी प्रीमिअर पद्मिनी गाडीच दाखवतेय. तू विचारलं होतंस ना, बाबा गाडीचं काय झालं? ऐक.

गावात फिरायला गाडी झकास. रंकाळ्याला चक्कर मार, महाद्वार रोडच्या गर्दीत पहिल्या गिअरवर रांग, काही तक्रार नाही. पण वाघबीळ मागं टाकून पन्हाळ्याच्या चढाला लागली की अर्ध्या चढावर आचके द्यायला लागायची आणि बंद. अर्धा तास सावलीत उभी केली की एका सेल्फला चालू. उद्यमनगरातल्या गॅरेजांत ज्याला सांगावं त्याचं वेगळं औषध. एक म्हणाला कंडेन्सर गेलाय, एक म्हणाला कॉइल तापतीय, तिसरा म्हणाला, "काका, कार्बोरेटरच बदलून टाका की, कशाला डोकं लावताय?" सगळे हुशार, सगळ्यांचा हात चांगला, पण गाडी बंद पडते तेव्हा यातलं कोणी तिथं नसतं. गॅरेजमध्ये ती गुणी बाळासारखी चालते.

म्हणून मी स्पार्क प्लग, पाना, पक्कड आणि पाण्याची बाटली घेऊन मुद्दाम भर दुपारी निघालो, आईला शेजारी बसवून. ठरल्या जागी बंद पडली. बॉनेट उघडलं, एका प्लगची वायर काढून सोबतच्या प्लगला लावली, प्लगचं धातूचं अंग इंजिनाला टेकवून धरलं आणि आईला म्हटलं सेल्फ मार. ठिणगी निळी, टकटकीत. पिवळी, मरतुकडी असती तर ठिणगी तयार करणाऱ्या पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइलकडं बघितलं असतं. करंट आहे म्हटल्यावर कॉइलवाले आणि कंडेन्सरवाले दोघंही बाद झाले, तेही एक पैसा न घालवता.

वायर परत जागेवर बसवली, थोडं थांबलो, आणि मग कार्बोरेटरला येणारा पेट्रोलचा पाइप सोडवला. (हा क्रम उलटा करायचा नाही. पेट्रोल उघडं असताना ठिणगी बघायला जाणारी माणसं मी पाहिलीत, भुवया जळालेली.) पाइपात पेट्रोल नाही, नुसती हवा आणि फुसफुस. या गाडीचा पंप इंजिनावरच बसतो, इंजिनच्या हालचालीवर चालतो, आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. तापल्यावर पेट्रोलची वाफ झाली की पंप वाफेवरच हापसत बसतो. पंपावर ओलं फडकं टाकलं, चहा पिण्याएवढा वेळ थांबलो आणि गाडी चालू झाली. आई म्हणाली, "एवढंच होतं होय!" एवढंच नव्हतं. फडकं टाकून गाडी चालू होते, बरी होत नाही. इतकी वर्षं हीच गाडी हाच चढ चढली, तेव्हा वाफ होत नव्हती, मग आत्ताच का?

घरी येऊन गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले आणि टाकीपासून पुढं पुढं पाइपावर हात फिरवत आलो. टाकीजवळ लोखंडी पाइपाला जोडणारा रबरी नळीचा वीतभर तुकडा होता. वरून ठणठणीत. वाकवून बघितला तर आतल्या वळणावर बारीक बारीक चिरा, जुन्या चपलेच्या तळाला पडतात तशा. आता गंमत बघ, खाली थेंबही पडत नव्हता. पंप त्या बाजूनं ओढत असतो, त्यामुळं चिरेतून पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. हवेचे बुडबुडे आणि वरून उष्णता, मग चढावर इंजिनानं जास्त पेट्रोल मागितलं की संपलं. बंद पडणार पुढं, कारण बसलंय डिकीखाली.

आणि नळी का चिरली, तर त्यात आपल्याच जिल्ह्याचा हात आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं. ते धान्यासोबत उसाच्या मळीपासून आणि रसापासूनही करतात, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतूनही. शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात याबद्दल माझी तक्रार नाही. पण १९९३ ची गाडी, तिच्या रबराला हे पाजणार असं बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं. जुनं रबर इथेनॉलनं फुगतं, कडक होतं, चिरतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि टाकीतला जुना गाळ सोडवून पुढं पाठवतं. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, काढला तर त्यात तांबूस पूड बसली होती. जेट हवेनं फुंकायचा, तार घालायची नाही. जेटवरचा आकडा म्हणजे त्या भोकाचं मिलिमीटरच्या शंभराव्या भागातलं माप. तारेनं एक ओरखडा पडला की माप गेलं.

नळीसाठी तुझ्याकडं काम आहे. लक्ष्मीपुरीत मिळाली ती साधी. मला पेट्रोल-इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाड्यांची नळी पाहिजे, जिच्यावर 'एसएई जे३० आर९' असं छापलेलं असतं. ती इथेनॉल सोसते. तुमच्या पुण्यात सहज मिळेल. मीटरभर घे, क्लिपांसकट. मालक 'हीच ती' म्हणेल, पण तू छापलेलं वाचून घे.

गिअरचंही थोडं काम केलं. स्टिअरिंगजवळच्या गिअर दांडीचा खडखडाट तुला आठवत असेल, तिसरा टाकताना पहिल्यात जायची. दांडी गिअरबॉक्सला जोडणाऱ्या लिंकेजचे बुश, म्हणजे सांध्यातल्या बारक्या नळकांड्या, झिजले होते. मुंबईत पद्मिनी टॅक्स्या २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून कायमच्या गेल्या, तेव्हापासून सुट्या भागांचा बाजार आटत चाललाय. कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारलं तर 'बघून सांगतो' एवढंच. पण उद्यमनगर आहे तोवर मला काळजी नाही. जुना बुश मेस्त्रींच्या हातावर ठेवला. त्यांनी व्हर्नियर लावला, झिजलेल्या बाजूकडं बघितलंही नाही, न झिजलेल्या कडेवर माप घेतलं आणि गनमेटलच्या कांडीतून तसाच्या तसा लेथवर काढून दिला. मी बिल विचारलं तर म्हणाले, "पन्हाळ्याला जाऊन या, मग बोलू."

तू म्हणालीस, विकून टाका, जागा अडते. गाडीचं रजिस्ट्रेशन यंदा पाच वर्षांसाठी परत नवं करायचंय. एके काळी त्याला ६०० रुपये लागायचे, २०२२ पासून ५,००० झाले आणि इतक्या जुन्या गाडीला आता त्याहूनही जास्त, वर पर्यावरण कर, वर फिटनेस. हिशेबानं बघितलं तर तुझं बरोबर आहे. मी हिशेबानं बघत नाही, एवढंच. महिन्याला माझ्या वयाची माणसं औषधात आणि देवदर्शनात किती घालवतात ते एकदा विचार, मग बोलू. आजोबांची आठवण वगैरे कारण मी देणार नाही. आजोबा स्वतः तिला शिव्या द्यायचे.

पावसाळ्यात नेहमीसारखी आत्याकडं राजारामपुरीत ठेवणार. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर म्हणजे इशारा, ४३ ला धोका. मी ३९ ची वाट बघत नाही. पुराचं पाणी ब्रेकच्या ड्रममध्ये आणि स्टार्टरमध्ये गाळ सोडून जातं, तो काढायला सगळा पावसाळा पुरत नाही. वळीव झाला त्या दिवशी गच्चीचे पन्हाळीचे पाइपही मोकळे केले. त्यातून एक क्रिकेटचा बॉल निघाला, तो समोरच्या पोरांना दिला.

तुझ्या स्वयंपाकघरातल्या नळाचं राहिलंच. अर्ध्या फेऱ्यात उघडतो म्हणालीस, म्हणजे आत सिरॅमिकची कार्ट्रिज आहे. त्यात वायसर नसतो, अख्खी कार्ट्रिज बदलायची. सिंकखालचा अँगल कॉक बंद कर, नळ उघडून उरलेलं पाणी काढ, सिंकच्या भोकावर फडकं टाक (बारका स्क्रू तिथंच जायचा असतो), आणि काढलेली कार्ट्रिज हातात घेऊन दुकानात जा. नुसता फोटो दाखवू नकोस. दात्यांची संख्या जुळली नाही तर मूठ बसत नाही. पाना छोटा घे. मोठ्या पान्यानं जोर लागतो आणि जोर लागला की तू लावतेस.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा नळीसोबत चांगला टेस्टरही आण, माझा कुणीतरी नेलाय. आणि रिकामे डबे. आईची कांदा-लसूण चटणी यंदाची डंकावरून कुटून आली, जवारी मिरची जरा चढलीये असं तीच म्हणते. ती तुला देणार आहे, पण मागचे तीन डबे तुझ्याकडंच आहेत हे तिनं मला दोनदा लिहायला सांगितलंय.

तुझा,
बाबा