पाट्यांच्या वर आणि उंबऱ्याच्या खाली

ती. आई-बाबा,
सा. न.

सहलीतला एक अख्खा दिवस जुन्या छोट्या गावासाठी ठेवलाय, हे छान केलंत. फक्त बाबा, बारा वास्तूंची यादी करू नका. एक चौक आणि त्याला लागून दोन गल्ल्या, बास. आईचे गुडघे हे एक कारण; दुसरं म्हणजे भिंत वाचायला वेळ लागतो.

ऊन समोरून पडलं की भिंत सपाट दिसते. ते भिंतीला घासून जातं तेव्हा फुगवटे, छिन्नीच्या खुणा, बुजवलेल्या खिडक्या उठून दिसतात. प्रत्येक भिंतीची ही वेळ वेगळी, म्हणून एकाच चौकात दोनदा चक्कर मारा.

आधी मान वर. दुकानांमुळे तळमजला सारखा बदलतो. पाट्यांच्या वरचा भाग मात्र बहुतेक वेळा तसाच राहतो. दुर्बीण आठपटीची घ्या. दहापटीची हाताच्या कापानं हलते आणि चित्र नाचतं.

विटांच्या भिंतीत नुसत्या लांब बाजू दिसत असतील, तर ती बहुधा अर्ध्या विटेच्या लांबीइतकीच जाड भिंत किंवा बाहेरून लावलेली कातडी असते. मधूनमधून विटांची आखूड तोंडं दिसली, तर सहसा त्या विटा आडव्या आत गेलेल्या असतात आणि भिंत निदान एका विटेच्या लांबीइतकी जाड असते. विटा एकमेकींत न अडकता सांध्यांची सरळ उभी रेघ वर गेलेली दिसली, तर तिथं जोडकाम आहे किंवा दार-खिडकी बुजवलीय. वर कमान शिल्लक असेल, तर बहुधा बुजवलेलं दार किंवा खिडकीच.

आता माझा आवडता भाग: दर्जा, म्हणजे विटांमधले चुन्यानं किंवा सिमेंटनं भरलेले सांधे. जोसेफ ॲस्पडिननं पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं 1824 साली. त्याहून जुन्या भिंतीत या सिमेंटच्या करड्या, टणक दर्जा दिसल्या, तर ती नंतरची डागडुजी, आणि बहुतेकदा चुकीची. चुना मऊ असतो. भिंतीत शिरलेलं पाणी त्याच्यातून निघून जातं. सिमेंट ते अडवतं, मग पाणी विटेतून वाट काढतं, त्यातले क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली साठून फुगतात आणि विटेचे पोपडे सुटतात. शेवटी विटा आत झिजलेल्या आणि सिमेंटची जाळी बाहेर उभी, असं दृश्य दिसतं. मजबुतीसाठी केलेलं कामच भिंत खातं! जमिनीपासून साधारण एक मीटरपर्यंत ओलीचा डाग आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरा लोणा दिसला, तर पाणी बहुधा खालून चढतंय.

भिंतीवर एस किंवा फुलीच्या आकाराचा लोखंडी तुकडा असेल, तर तो सहसा नक्षीसाठी नसतो. आतून गेलेल्या सळईचं ते टोक. बाहेर झुकू पाहणारी भिंत त्यानं धरून ठेवलेली असते. सारख्या अंतरावरच्या चौकोनी भोकांच्या ओळी म्हणजे बांधताना परांचीच्या बल्ल्या खोचायच्या जागा. आणि काचेत समोरच्या घराचं प्रतिबिंब लाटांसारखं हललं, तर काच जुनी असण्याची शक्यता मोठी. वितळलेल्या धातूवर तरंगवून केलेली सपाट फ्लोट काच आली ती 1950च्या दशकात.

मग मान खाली. उंबरठा रस्त्यापेक्षा खाली गेला असेल, तर बहुधा घर खचलेलं नसतं. रस्त्यावर थर चढत गेलेले असतात. कोपऱ्यावरचा बुटका दगड गाडीच्या चाकाचा तुंबा भिंतीला घासू नये म्हणून.

एवढं झालं की चौकात अर्धा तास नुसते बसा, कॅमेरा पिशवीत. लोक कुठल्या सावलीत थांबतात, कुठल्या ओट्यावर टेकतात, हिरवळीवर कुठून आडवाट पडलीय ते बघा. आई, तुझ्या नजरेला हे बाबांच्या आधी दिसेल. कमरेच्या उंचीवर दगड गुळगुळीत आणि काळपट झालेला असेल, तर तिथं पिढ्यान्‌पिढ्या हात टेकलेत.

आणि जिने. जुन्या दगडी पायऱ्या मधोमध झिजून खोलगट होतात, तिथं पाणी साचतं आणि पाय सटकतो. पाऊस झाला असेल तर कठडा धरून कडेनंच उतरा. बाबा, तुम्ही आईच्या एक पायरी खाली राहा.

तुमची,
लेक