लोके तुले हासतस
ती. आई-बाबा,
शि. सा. न.

बाबा, कानबाईच्या सणाला आलो तेव्हा चुलतभावाने मोबाइलवर माझ्या विनोदाच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ लावला आणि तुम्ही अर्ध्यातून उठून गोठ्यात गेलात. जाताना एवढंच म्हणालात, "लोके तुले हासतस, भाऊ." मी गप्प. स्टेजवर बंद न होणारं तोंड तुमच्यापुढे उघडत नाही, म्हणून पत्र.

हासतस, खरंय. त्याचेच पैसे मिळतात. अनोळखी तीस माणसं, हातात पाच मिनिटं. त्यांची टिंगल केली की ते हाताची घडी घालतात. आपलं टक्कल, 'हो'च्या जागी येणारं आपलं 'हाव' आधी काढलं की घडी सुटते. पुण्यातल्या घरमालकाने विचारलं, "मराठी ना?" मी म्हटलं, "हाव." तो म्हणाला, "मग भाडं दोन हजार जास्त." सात रात्री हे बोललो, कुणी हसेना. आठव्या रात्री तो 'मग' गाळला आणि हशा आला.

अमेरिकेत रॉडनी डेंजरफील्ड नावाचा विनोदवीर होता, 1921 चा जन्म. तरुणपणी स्टेजवर जमलं नाही म्हणून घरांच्या भिंतींना लावायचे ॲल्युमिनियमचे पत्रे विकत फिरला, मी ठिबकच्या नळ्या विकल्या तसाच. चाळिशीच्या आसपास परत आला. 1967 मध्ये टीव्हीवर झळकला. आयुष्यभर एकच रडगाणं, मला कुणी मान देत नाही! त्यावर त्याने स्वतःचा क्लब काढला. (आई, माझ्या क्लबची वाट बघू नकोस.)

आणि बाबा, सारंगखेड्याच्या यात्रेत तमाशाला मला खांद्यावर घेऊन उभे होतात, आठवतं? सोंगाड्या शिव्या खात होता, आपटत होता. सगळ्यांत मोठ्याने तुम्हीच हसत होतात.

व्हिडिओतला बारावी नापासचा किस्सा तुम्हाला लागला, कळलं मला. पण त्यातलं अर्धंच मी सांगतो. निकाल घेऊन दोंडाईचाच्या स्टँडवर बसलो होतो, तुम्ही काही न बोलता उसाच्या रसाचे दोन ग्लास आणलेत आणि तुमच्यातला बर्फ बोटाने काढून माझ्यात टाकलात. ते कुठेच बोललो नाही. नापास मी झालो, ते माझं. बर्फ तुमचा.

येत्या महिन्यात धुळ्याला शो आहे. कडेच्या दोन खुर्च्या ठेवायला सांगतो, उठून जायला सोप्या. आई, येताना कळण्याच्या चार भाकरी आण.

तुमचा,
भाऊ