आमदारांचा अहवाल मराठीतही हवा

आमच्या आमदारांनी आर्थिक घडी आणि सार्वजनिक सुरक्षा या विषयांवर काढलेले कार्य अहवालाचे पत्रक नुकतेच घरी आले. लोकप्रतिनिधीने मतदारांना हिशेब द्यावा, हे चांगलेच आहे. पत्रक मात्र फक्त कन्नडमध्ये आहे. कर्नाटकातल्या आमच्या खानापूर तालुक्यातल्या अनेक मराठी खेड्यांत, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, ते वाचता येत नाही. माझ्या आईला मी ते वाचून दाखवले. शेजारच्या आजींना कोण दाखवणार?

विकासकामांची यादी उशिरा कळली तरी निभावते. सुरक्षेचे तसे नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मलप्रभा आणि मार्कंडेय नद्यांनी काय केले, ते आम्ही पाहिले आहे. पाणी वाढताना कुठे जायचे, ११२ वर कधी फोन करायचा, पिकाच्या नुकसानीचा अर्ज कुठे द्यायचा, हे आपल्या भाषेत कळले तरच माणूस वेळेवर हालचाल करतो.

ही मागणी कन्नडविरोधी नाही. कन्नड राज्याची भाषा आहे, आमची मुले ती शिकतात. पण ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक किमान १५ टक्के आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे देशपातळीवर मान्य झालेले धोरण आहे. आमदारांचे पत्रक सरकारी सूचना नसेल, पण त्यामागचा हेतू तोच आहे. पुढचा अहवाल दोन्ही भाषांत छापावा आणि निदान सुरक्षेचे पान तरी पावसाळ्यापूर्वी मराठीत घरोघरी पोहोचवावे, ही विनंती.

– एक वाचक, खानापूर