त्या २९ महिन्यांच्या हिशोबाबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण दोन वर्षांपूर्वी मी ज्या पेचात होते त्याच पेचात असलेली बरीच मंडळी आज माझ्या आसपास आहेत आणि तुम्ही मला दिलेला वेळ त्यांच्याही उपयोगी पडावा असे मनापासून वाटते. एमबीए करावे की प्रकल्प व्यवस्थापनाचे पीएमपी प्रमाणपत्र घ्यावे, हा प्रश्न घेऊन मी तुमच्याकडे आले होते. खरे तर नोकरी सोडून दोन वर्षे पूर्णवेळ एमबीए करायचे, हे मनात जवळजवळ पक्के झाले होते. १९०८ साली हार्वर्डमध्ये सुरू झालेल्या त्या पदवीचा दबदबा मनावर होता आणि १९८४ पासून घेतली जाणारी पीएमपीची परीक्षा तिच्यापुढे मला दुय्यम वाटत होती. तुमचा होकार मिळाला की अर्ज भरायचा, एवढेच बाकी होते.

तुम्ही होकारही दिला नाहीत आणि नकारही दिला नाहीत. "आजवर जे प्रकल्प सांभाळलेस ते तारखांसकट लिहून आण," एवढेच म्हणालात.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर सहा प्रकल्प आहेत, प्रत्येकापुढे सुरू झाल्याचा आणि संपल्याचा महिना आहे आणि तळाशी मी मोठ्या विश्वासाने मांडलेली बेरीज आहे: ४३ महिने. चार वर्षांची पदवी असलेल्या उमेदवाराला पीएमपीच्या अर्जासाठी मागच्या आठ वर्षांतला, प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचे प्रशिक्षण दाखवावे लागे. तेव्हा अनुभवाची अट आपण केव्हाच ओलांडली, असे मी धरून चालले होते. तुम्ही पेन्सिल घेऊन एकाच वेळी चाललेल्या प्रकल्पांखाली रेघा ओढल्यात आणि असा काळ एकदाच मोजायचा असतो हे समजावून सांगितलेत. बेरीज २९ वर आली.

माझ्या दृष्टीने त्या भेटीतला सर्वांत मोलाचा भाग यानंतरचा होता. प्रत्येक प्रकल्पात काम नेमके कुठे अडले, ते तुम्ही माझ्याकडूनच लिहून घेतलेत. एका ठिकाणी ग्राहकाने तोंडी मागितलेला बदल मी तोंडीच मान्य केला होता आणि पुढचे तीन आठवडे कोणी काय कबूल केले होते, याच वादात गेले होते. दुसऱ्या ठिकाणी दोन विभाग एकमेकांच्या कागदांची वाट पाहत बसले होते आणि ते माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला होता. सहापैकी पाच अडचणी अशाच निघाल्या: कामाची व्याप्ती, वेळापत्रक आणि माणसे. सहावी मात्र निराळी होती. तो प्रकल्प मध्येच गुंडाळला गेला, कारण ज्या उत्पादनासाठी तो चालला होता ते उत्पादनच कंपनीला परवडेनासे झाले होते, आणि त्या बैठकीत मांडलेले आकडे मला वाचताच आले नव्हते. त्या ओळीवर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, "एखादे काम हाती घ्यावे की नाही, हे एमबीएत शिकशील. घेतलेले काम तडीस कसे न्यायचे, त्याचा अभ्यास या प्रमाणपत्रासाठी करावा लागेल. तुझे आज कशावाचून अडते आहे, ते तूच बघ."

प्रमाणपत्राची भलामणही तुम्ही केली नाहीत. परीक्षेच्या तेव्हाच्या आराखड्यात कार्यपद्धतीला ५० टक्के, माणसांना ४२ टक्के आणि व्यवसायाच्या परिस्थितीला अवघे ८ टक्के वजन होते. सहाव्या ओळीचे उत्तर इथे मिळणार नाही, हे तुम्ही त्याच वेळी स्पष्ट सांगितलेत. दर तीन वर्षांनी, पुढील शिक्षण आणि व्यावसायिक कामातून मिळणारे ६० गुण जमवून नूतनीकरण करावे लागते, हेही सांगितलेत.

निघता निघता तुम्ही विचारलेत, "बढती हुकली नसती, तर या वर्षी एमबीएचा विचार केला असतास का?" तो प्रश्न मला झोंबला होता आणि त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. आज देते: नसता केला. रागाच्या भरात आयुष्याची दोन वर्षे आणि साठवलेला पैसा मी पणाला लावणार होते, आणि हे माझ्या तोंडावर सांगण्याइतकी आस्था दुसऱ्या कोणी दाखवली नव्हती.

अनुभवाची अट नसलेले सीएपीएम हे प्रकल्प व्यवस्थापनाचे प्राथमिक प्रमाणपत्र तरी लगेच घेऊन टाकते, असे मी म्हटले होते. ते या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी चांगले आहे, तुला फक्त सात महिने थांबायचे आहे, असे सांगून तुम्ही मला थांबवलेत. त्या सात महिन्यांत मी एकही बदल लेखी नोंदीशिवाय स्वीकारला नाही, आणि परीक्षेच्या अभ्यासाची खरी सुरुवात तिथेच झाली. पुढे माझा अर्ज पडताळणीसाठी निवडला गेला, तेव्हा तुमच्या हाताखाली केलेल्या प्रकल्पांची खातरजमा तुम्ही त्याच दिवशी करून पाठवलीत. प्रत्येक महिना खरा असल्यामुळे मलाही त्या पडताळणीची धास्ती वाटली नाही.

परीक्षा पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले, हे तुम्हाला कळवले होतेच. आता हाताखाली एक प्रकल्प नसून प्रकल्पांचा गट आहे, आणि त्यांतला कोणता चालू ठेवावा व कोणता थांबवावा यावर माझे मत विचारले जाते. म्हणजे ती सहावी ओळ आता रोज समोर येते. नोकरी सांभाळून एमबीए करण्याचा विचार त्यामुळे पुन्हा सुरू झाला आहे. पुढच्या महिन्यात त्यासाठी भेटायला येईन, आणि येताना दोन वर्षांतल्या नव्या प्रकल्पांचा कागद तारखांसकट आणि अडचणींसकट लिहून आणीन.

आपली कृतज्ञ,
आपली एक जुनी सहकारी